आधी गव्हाण, मग औषध

घोडा ओकू शकत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथले स्नायूंचे वळे इतके घट्ट असते की आत गेलेले सहसा परत वर येत नाही. आणि चारशे किलोच्या या जनावराचे जठर मात्र जेमतेम ८ ते १५ लिटरचे. पुढे वीसेक मीटर लहान आतडे, मग तीसेक लिटरचे अंधांत्र, आणि त्यानंतर स्वतःभोवती दुमडलेले, कुठे रुंद तर कुठे एकदम चिंचोळे होणारे अवाढव्य मोठे आतडे. गवतातला तंतू पचवण्याचे खरे काम या मागच्या भागात सूक्ष्मजीव करतात. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे सुमारे १६ तास चरतो, थोडे थोडे पण सतत, आणि त्याची सगळी रचना त्या चरण्यासाठी आहे. आपण त्याला पागेत बांधतो, सकाळ-संध्याकाळ तोबऱ्यात चंदी भरतो आणि मधले तास गव्हाण रिकामी ठेवतो. घोड्याच्या पोटाची नेहमीची दुखणी, आणि संप्रेरकांची म्हणून ओळखली जाणारी अनेक दुखणीही, या विसंगतीतून उपजतात किंवा तिच्यामुळे चिघळतात. म्हणून निदान आणि उपचार दोन्हींची सुरुवात गव्हाणीपासून व्हावी असे मी म्हणतो. आज आपल्याकडे ती औषधाच्या बाटलीपासून होते.

पोटशूळ हे यातले सर्वांना ठाऊक असलेले दुखणे. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, घाम फुटतो, आडवा पडून लोळतो, लीद टाकत नाही. ही सगळी कळ सांगणारी लक्षणे आहेत, कळीचे कारण सांगणारी नाहीत. साधा वायू धरला असेल, लीद घट्ट होऊन अडकली असेल, पोटात वाळू साचली असेल, किंवा आतड्याला पीळ पडला असेल. बाहेरून चारही घोडे सारखेच लोळतात. मग पशुवैद्य काय पाहतो? आधी नाडी. निरोगी घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४० असते. ती साठीच्या वर जाऊन तिथेच राहिली तर प्रकरण गंभीर समजावे. हिरड्या गुलाबी आणि ओलसर आहेत, की कोरड्या, विटकरी वा निळसर? बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांच्या आत परत येतो का? कुशीला कान लावल्यावर आतड्याची गुडगुड ऐकू येते का? त्यानंतर नाकातून जठरात नळी. ही नळी निदानही करते आणि जीवही वाचवते. पुढे वाट बंद झाली की लहान आतड्यातले पाणी उलटे जठरात भरत जाते, आणि ओकारीची सोय नसल्याने ते काढले नाही तर जठर फुटते. गुदमार्गाने हात घालून केलेली तपासणी, सोनोग्राफी, पोटात साठलेल्या द्रवाचा रंग, हे त्यापुढचे टप्पे. बहुतेक पोटशूळ औषधाने, पाण्याने आणि काही काळ चारा बंद ठेवल्याने बरे होतात. थोड्यांनाच शस्त्रक्रिया लागते. पण पीळ पडलेल्या घोड्याच्या हातात तासच असतात. वेदनाशामक फ्लुनिक्सिन हे उत्तम औषध आहे. मात्र एकदा टोचूनही कळ परतली, तर पुन्हा तेच टोचत राहणे म्हणजे निर्णयाची वेळ झाकून टाकणे होय.

इथेच नाळीने तेल पाजण्याच्या रिवाजाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. घोड्याचे तोंड वर करून बांबूच्या नाळीने किंवा बाटलीने गोडे तेल ओतायचे, हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण वेदनेने बेजार झालेल्या जनावराच्या घशात ओतलेले तेल श्वासनलिकेत उतरू शकते, आणि तेलाने झालेला न्यूमोनिया पोटशुळापेक्षा जिवावर उठणारा ठरतो. तेल द्यायचेच तर ते नाकातल्या नळीवाटे, नळी जठरातच आहे याची खात्री करून, पशुवैद्याने द्यावे. घोड्याला संथ चालवावे, हा जुना सल्ला मात्र बेताने पाळला तर उपयोगी आहे. साध्या वायूच्या दुखण्यात त्याने आराम पडतो, आणि घोडा आपटून स्वतःला इजा करून घेत नाही. दमेपर्यंत रात्रभर फिरवण्याला अर्थ नाही.

आता कारणांकडे. मोठे आतडे ओटीपोटाजवळ वळताना एकदम अरुंद होते, आणि लीद अडकते ती बहुधा तिथेच. उन्हाळ्यातला वाळून खडखडीत झालेला कडबा, झिजलेले किंवा धारदार कडा आलेले दात आणि अपुरे पाणी हे तिन्ही जुळून आले की अडथळा तयार होतो. गवताचा प्रकार किंवा नुसती नवी खेप बदलल्यानंतरच्या दोन आठवड्यांत पोटशुळाचा धोका वाढतो, हे अमेरिकेतील टेक्सासमधल्या अभ्यासांत दिसून आले आहे. आपल्याकडे मृगाच्या सरींनंतर कडब्यावरून एकदम कोवळ्या हिरव्या गवतावर नेलेला घोडा नेमका याच खिंडीत सापडतो. आतड्यातल्या सूक्ष्मजीवांना नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे ते द्यायलाच हवेत. नदीकाठच्या वाळवंटात किंवा रेताड जमिनीवर चारा टाकला तर वाळू पोटात जाते. ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही: ताज्या लिदेचे चार-पाच गोळे बादलीभर पाण्यात कालवून ठेवावेत आणि तळाशी काय बसते ते पाहावे. वाळू दिसली नाही म्हणून ती नाहीच असे ठरत नाही, पण दिसली तर दिशा मिळते. आपल्या घराघरात असलेले इसबगोल यावर जगभर वापरले जाते. ते मॅग्नेशियम सल्फेटबरोबर नळीवाटे दिले तर वाळू अधिक चांगली निघते, असे अभ्यास सांगतात. तरीही वाळू काढून घोडा पुन्हा त्याच रेतीवर चारायला सोडला, तर आपण काहीच बरे केलेले नाही.

पोटशुळापेक्षा शांत, म्हणून अधिक दुर्लक्षित दुखणे म्हणजे जठरव्रण. माणसाचे जठर प्रामुख्याने जेवणाच्या सुमारास आम्ल सोडते. घोड्याचे चोवीस तास सोडते. त्या आम्लाला शमवणारी लाळ मात्र केवळ चावतानाच स्रवते, आणि चरणाऱ्या घोड्यात ती दिवसाला तीस-चाळीस लिटरपर्यंत असते. शिवाय जठराच्या वरच्या भागाला संरक्षक श्लेष्माचे अस्तरच नसते. पोट रिकामे असताना घोडा दौडवला की खालचे आम्ल उसळून त्या उघड्या भागावर आदळते. म्हणूनच शर्यतीच्या तालमीतल्या घोड्यांत जठरव्रणाचे प्रमाण निरनिराळ्या देशांत ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत आढळले आहे. महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतींसाठी तयार होणारे घोडेही याच प्रकारच्या दिनक्रमातून जातात. लक्षणे फसवी असतात: चंदी अर्धी टाकणे, तंग कसताना चिडणे, अंगाला न लागणे, कामाची उमेद उतरणे. अशा घोड्याला ‘हट्टी’ ठरवले जाते. खात्रीचे निदान एकच, तीन मीटर लांबीची दुर्बीण जठरात घालून पाहणे. उपचार ओमेप्राझोल. वरच्या भागातले व्रण त्याने सहसा काही आठवड्यांत भरतात. खालच्या, ग्रंथींच्या भागातले हट्टी असतात आणि त्यांना सुक्राल्फेट किंवा मिसोप्रोस्टॉलची जोड लागते. पण डेन्मार्कमधल्या घोड्यांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की चाऱ्याच्या दोन वेळांत सहा तासांहून अधिक अंतर असलेल्या आणि पिष्टमय खुराक जास्त मिळणाऱ्या घोड्यांत व्रणाची शक्यता लक्षणीय वाढते. गोळी बंद झाल्यावर घोडा त्याच रिकाम्या गव्हाणीसमोर उभा राहणार असेल, तर व्रण परत येणारच.

इथपर्यंत चाऱ्याचा आणि पोटाचा संबंध कोणीही मान्य करील. संप्रेरकांचे काय? याचे उत्तर खुरात आहे. घोड्याच्या खुराच्या आत पायाचे शेवटचे हाड बारीक पापुद्र्यांच्या जाळ्याने खुराच्या भिंतीला टांगलेले असते. हे पापुद्रे ताणले, सुटू लागले की त्याला लॅमिनायटिस म्हणतात. घोडा पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतो, काचांवरून चालल्यासारखा चालतो, खूर तापते, मुडप्याजवळची नाडी ठणठण उडते. दाणे भरमसाट खाल्ल्यावर हे होते, हे फार पूर्वीपासून माहीत होते. मात्र २००७ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी तट्टांना शिरेतून इन्सुलिन दिले. रक्तातली साखर त्यांनी सामान्यच राखली होती. तरीही ७२ तासांच्या आत त्या तट्टांना लॅमिनायटिस झाला. पुढे मोठ्या घोड्यांतही तेच दिसले. म्हणजे दोष साखरेचा वा विषाचा नव्हता. इन्सुलिनची वाढलेली पातळीच खुराला इजा करीत होती. या शोधाने घोड्याच्या वैद्यकाची मांडणीच पालटली. खुराचे दुखणे घेऊन आलेल्या घोड्याचे रक्त तपासायचे, आणि रक्ताचे कारण त्याच्या तोबऱ्यात शोधायचे, ही साखळी तेव्हापासून पुराव्यावर उभी आहे.

ज्याला चयापचयाचा विकार म्हणतात त्यात हेच घडते. २००२ च्या सुमारास हे नाव रूढ झाले. त्याआधी मानेवर चरबीचा कडक कंगोरा आणि शेपटीच्या मुळाशी गोळे असलेल्या लठ्ठ घोड्यांना थायरॉइड कमी असल्याचे सांगितले जाई. प्रत्यक्षात प्रौढ घोड्यात थायरॉइडची खरी कमतरता दुर्मीळ आहे, आणि कोणत्याही आजारपणात किंवा काही वेदनाशामकांमुळेही त्याचे आकडे घसरतात. तेवढ्यावरून निदान करणे चूक ठरते. योग्य चाचणी म्हणजे ठरावीक मात्रेत साखरेचा पाक तोंडावाटे देऊन तास-दीड तासाने रक्तातले इन्सुलिन मोजणे, कारण उपाशीपोटीचा आकडा पुष्कळदा सामान्य दिसतो. यावर कोणी म्हणेल, हे श्रीमंत देशांतल्या लठ्ठ घोड्यांचे दुखणे. आपल्याकडे ओझे वाहणाऱ्या घोड्यांची हाडे दिसतात. हा आक्षेप अर्धा खरा आहे. युरोपातल्या थंड हवामानातली गवते फ्रुक्टान नावाची शर्करा साठवतात आणि तिथले कुरणच घोड्याला आजारी पाडते; आपली हरळी, मारवेल, पवन्या ही उष्ण प्रदेशातली गवते तसे करत नाहीत, त्यांत शर्करा सहसा कमी असते. पण म्हणूनच आपल्याकडे धोका कुरणातून न येता माणसाच्या हातून येतो. सारंगखेड्यासारख्या जत्रेत किंवा वरातीत उभा करायचा घोडा भरलेला, तुकतुकीत दिसावा म्हणून त्याला गूळ, तूप, दूध आणि भरड्याचे बोळे चारले जातात, आणि तो दिवसभर खुंट्याला उभा असतो. त्याची गुबगुबीत मान सौंदर्य म्हणून पाहिली जाते. तिच्यावर हात फिरवून ती कडक आहे का, हे पाहण्याची सवय घोडेवाल्यांना आणि नालबंदांना लागली, तर लंगडण्याच्या कितीतरी आधी दुखणे ओळखता येईल.

आपल्या मातीतला सर्वांत बोलका पुरावा मात्र वेगळ्याच ग्रंथीचा आहे. गव्हाचा कोंडा हा स्वस्त, हलका आणि पोट साफ ठेवणारा खुराक म्हणून घोड्याला आवडीने घातला जातो. कोंड्यात कॅल्शियमच्या सुमारे दहापट फॉस्फरस असतो, आणि घोड्याला तर फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम अधिक हवे असते. त्यातच चारा म्हणून उसाचे वाढे किंवा संकरित नेपियर दिले, तर त्यांतले ऑक्झलेट उरलेसुरले कॅल्शियम बांधून टाकते. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी पॅराथायरॉइड ग्रंथी सतत संप्रेरक सोडत राहते आणि ते हाडांतून कॅल्शियम उपसते. महिन्यांमागून महिने असे चालले की घोडा आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडतो, दात हलू लागतात, आणि जबड्याची व चेहऱ्याची हाडे मऊ होऊन दोन्ही बाजूंनी सुजतात. युरोपात हा गिरणीवाल्यांच्या घोड्यांचा आजार म्हणून ओळखला जाई, कारण कोंडा त्यांच्याकडेच मुबलक. रक्तातले कॅल्शियम तपासले तर ते बहुधा सामान्य निघते. ग्रंथी तोच आकडा सांभाळण्यासाठी हाड खर्ची घालत असते. त्यामुळे अहवाल चांगला आला म्हणून निर्धास्त होणारा मालक फसतो. निदान होते ते लघवीतल्या फॉस्फरसवरून, आणि त्याहून सोपे म्हणजे घोडा दिवसाला काय काय, किती किती खातो ते कागदावर मांडून. उपचारही तिथेच: कोंडा थांबवा, वाढ्यांऐवजी दुसरा चारा आणा, मापून चुनखडीची पूड आणि लसूणघास द्या. लंगडणे कमी व्हायला काही महिने जातात; चेहऱ्याची सूज पूर्ण ओसरेलच असे नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप म्हाताऱ्या घोड्याचा आहे. पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला पीयूषिका ग्रंथीच्या मधल्या खंडाचा विकार होतो. मेंदूतून येणारे डोपामिन कमी पडते, त्या खंडावरचा अंकुश सुटतो आणि एसीटीएचसारखी संप्रेरके वाढतात. उन्हाळा आला तरी लांब, कुरळे केस गळत नाहीत, पाठीवरचे मांस झडते, पोट सुटते, तहान वाढते, जखमा लवकर भरत नाहीत. हे वयाने झालेले झिजणे आहे. चारा कितीही शहाणपणाने घातला तरी ते टळत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. इथे औषध हवेच, आणि ते आहे: पर्गोलाइड, पाचशे किलोच्या घोड्याला बहुधा दिवसाला एक मिलिग्रॅमपासून सुरुवात. हे औषध मूळचे माणसांच्या कंपवातासाठीचे. हृदयाच्या झडपांना अपाय होतो म्हणून २००७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते मागे घेतले गेले. घोड्यांना मात्र ते आजही पहिल्या पसंतीने दिले जाते. सुरुवातीला भूक मंदावू शकते, तेव्हा मात्रा उतरवून हळूहळू चढवतात. निदानातही एक मेख आहे. एसीटीएचची पातळी शरदाच्या सुमारास निरोगी घोड्यातही वाढते, कारण ती दिवसाच्या लांबीशी बांधलेली आहे. निरोगी-आजारीची सीमा बहुतेक ब्रिटन-अमेरिकेतल्या घोड्यांवरून आखलेली आहे, जिथे दिवस आपल्यापेक्षा फार लांब-आखूड होतात. म्हणून महाराष्ट्रात एका आकड्यावर विसंबू नये. लक्षणे आणि फेरतपासणी यांच्या आधारे ठरवावे. इतके मान्य करूनही गव्हाण सुटत नाही. या घोड्यांपैकी सगळ्यांनाच लॅमिनायटिस होत नाही. तो होतो मुख्यतः ज्यांचे इन्सुलिनही वाढलेले आहे त्यांना. म्हणजे म्हातारपण औषधाने आवरायचे, आणि खूर वाचवायचे ते चाऱ्याने.

दुसरा आक्षेप कामाचा. शर्यतीचा किंवा माथेरानचा चढ चढणारा घोडा नुसत्या गवतावर कसा तगेल? अनेकदा तगणार नाही, आणि चंदी बंद करा असे मी म्हणतही नाही. प्रश्न एका वेळी किती, एवढाच आहे. दर किलो वजनामागे एका वेळी एक ग्रॅमहून जास्त पिष्ट गेले की लहान आतड्याला ते झेपत नाही. उरलेले मागच्या आतड्यात जाऊन आंबते, आम्लता वाढते, चांगले सूक्ष्मजीव मरतात. चारशे किलोच्या घोड्याला हे एका वेळी जेमतेम किलोभर ओट्स किंवा भरडलेला हरभरा इतके होते. तीच चंदी दोनाऐवजी चार वेळांत विभागावी, आधी चारा आणि मग दाणा, उरलेली ऊर्जा थोड्या तेलातून; कामाला काढण्यापूर्वी ओंजळ-दोन ओंजळ लसूणघास दिली तर तिच्या थराने आम्ल उसळत नाही आणि तिच्यातले कॅल्शियम ते शमवते. दुष्काळात कडब्याचा भाव चढतो आणि दाणाच स्वस्त पडतो, हे खरे दुखणे आहे. पण वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा, म्हणजे तीनशे किलोच्या तट्टाला साडेचार किलो, ही खालची मर्यादा आहे. तेवढाच चारा बारीक भोकांच्या जाळीत टांगला तर तो दुप्पट वेळ पुरतो, आणि घोड्याच्या पोटाला वजनाइतकाच हा वेळ हवा असतो.

मग लठ्ठ घोड्याला सरळ उपाशीच ठेवावे का? नाही, आणि ही चूक जिवावर बेतते. तट्टू, गाढवे आणि गाभण घोड्या यांचा चारा एकदम तोडला की शरीर साठलेली चरबी रक्तात सोडू लागते. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या जनावरात हा लोंढा थांबत नाही. रक्तातला द्रव दुधाळ दिसू लागतो, यकृत चरबीने भरते, जनावर मलूल होऊन चारा सोडते, आणि मग त्याला वाचवणे कठीण असते. म्हणून वजन उतरवायचे ते दीड टक्क्याच्या हिशोबानेच. वाळले गवत तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून देऊन मग घातले तर त्यातली काही साखर निघून जाते. गूळ आणि दाणा बंद, क्षार वेगळे. खूर दुखत नसेल तेव्हाच रोजची चाल. दर आठवड्याला छातीच्या घेराला आणि मानेला फीत लावून आकडा लिहून ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी पाकाची चाचणी पुन्हा करावी. काही घोडे एवढे करूनही इन्सुलिन खाली आणत नाहीत. त्यांच्यासाठी माणसांच्या मधुमेहातली अर्टुग्लिफ्लोझिनसारखी औषधे अलीकडे वापरली जाऊ लागली आहेत. ती इन्सुलिन झपाट्याने उतरवतात. पण तीच रक्तातली चरबी वाढवतात, त्यामुळे औषध चालू असेपर्यंत त्या चरबीची तपासणी ठरलेल्या मुदतीने करावीच लागते.